वॉकी-टॉकीवरचा निरोप : कामगाराचे खाजगीपण चव्हाट्यावर का?



पगार, पेन्शन, रिक्त जागा आणि खाजगीकरण असे डोंगराएवढे प्रश्न समोर उभे असताना वॉकी-टॉकीवर कोणी काय बोलावे हा विषय घेऊन सचिव का बसले, असे काही वाचकांना वाटेल. आमचे उत्तर सरळ आहे. पगाराची लढाई पोटाची असते आणि ही लढाई इज्जतीची आहे. पोटाच्या लढाईत मागेपुढे तडजोड करता येते. इज्जत एकदा चार माणसांच्या तोंडी गेली की कोणत्याही वेतन आयोगाला ती परत आणता येत नाही.

प्रश्न असा आहे. ड्युटीवरच्या कामगाराचा खाजगी निरोप रेल्वेच्या बिनतारी यंत्रावरून जातो, तेव्हा त्याच्या गुप्ततेची जबाबदारी कोणाची? यंत्र देणाऱ्या प्रशासनाची, निरोप सांगणाऱ्याची, की वाटेत ज्याच्या कानावर पडला त्याची? आमचे स्पष्ट मत आहे की ती तिघांचीही आहे. आज मात्र तिघांपैकी कोणीच ती घेत नाही.

यंत्र कसे चालते?

टपाल खात्यातील बंधूंना कल्पना यावी म्हणून थोडक्यात सांगतो. लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर (जानेवारी २०२२ पर्यंत ज्याला आपण गार्ड म्हणत होतो) यांच्या हातात ५ वॅटचा सेट असतो. स्टेशन मास्तरांच्या टेबलावर २५ वॅटचा. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. टेलिफोनसारखी दोघांतली स्वतंत्र लाइन येथे नसते. एक जण बोलला की त्या चॅनेलवरचे, टप्प्यात असलेले सगळे सेट बोलू लागतात. पुढच्या-मागच्या गाडीचे क्रू, शेजारच्या स्टेशनचे मास्तर, गेटमन आणि यार्डात सेट घेऊन फिरणारा पॉइंट्समन, सगळे ऐकतात. साधा व्ही.एच.एफ. सेट असला तर त्यावरचे बोलणे कुलूपबंद नसते. तीच फ्रिक्वेन्सी लावता येईल असा सेट ज्याच्याकडे असेल तो बाहेरचा माणूसही ऐकू शकतो. असे सेट बाजारात किती सहज मिळत होते, हे मे २०२५ मध्ये सगळ्यांना कळले. ऑनलाइन दुकानांवर वॉकी-टॉकी बेकायदा विकले जातात म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला तेव्हा नोटिसा काढाव्या लागल्या.

यंत्राची ही रचना सुरक्षिततेसाठी केलेली आहे आणि ती योग्य आहे. रुळाला तडा गेला, डब्यातून धूर निघाला, हॉट अॅक्सल झाला, तर ते सगळ्यांनी एकदम ऐकलेच पाहिजे. आमची तक्रार यंत्राबद्दल नाही. सगळ्यांना ऐकू जाणारे हे यंत्र माहीत असूनही त्यावर माणसाचे खाजगी आयुष्य वाचून दाखवले जाते, याबद्दल आहे.

खाजगी निरोप यंत्रावर येतोच का?

गाडी चालवताना लोको पायलटने स्वतःचा मोबाइल बंद ठेवायचा, असा आदेश आहे. आदेश योग्य आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण मोबाइल बंद केला म्हणून घरची आजारपणे बंद होत नाहीत. घरून फोन येतो तो क्रू लॉबीत. लॉबीतून सेक्शन कंट्रोलरकडे, तेथून कंट्रोल फोनवर, म्हणजे पुन्हा ज्यावर अनेक स्टेशनांचे कान लागलेले असतात त्या लाइनवर. मग स्टेशन मास्तर आणि शेवटी वॉकी-टॉकी. इटारसी ते जबलपूर अशा सेक्शनवर हा निरोप चार तोंडांतून आणि वीस कानांतून जातो, तेव्हा कुठे धन्याला पोचतो.

आमच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी एकच सांगतो. एका सहकाऱ्याच्या पत्नीचा गर्भपात झाला. रुग्णालयाचे नाव आणि आजाराचे स्वरूप यांसह तो निरोप उघड्या चॅनेलवर सांगितला गेला. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला घाई होती. पण तो माणूस रनिंग रूममध्ये पोचण्याआधी बातमी तेथे पोचली होती. जी गोष्ट त्याने सख्ख्या भावालाही सांगितली नसती, तिचे सांत्वन त्याला चहाच्या टपरीवर ऐकावे लागले. गावाचे आणि माणसाचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर जो दोष आम्ही दाखवतो आहोत तोच आमच्या हातून घडेल.

महिला कर्मचाऱ्यांची कुचंबणा

याहून लाजिरवाणी बाब २०२४ मध्ये वर्तमानपत्रांतून देशासमोर आली. अनेक इंजिनांत आजही शौचालय नाही. ड्युटीवरच्या महिला लोको पायलटला स्टेशनवर उतरून जायचे असेल, तर ते वॉकी-टॉकीवरून स्टेशन मास्तरांना कळवावे लागते आणि मास्तर ते कंट्रोलला कळवतात. म्हणजे एका स्त्रीला लघवीला जायचे आहे, ही गोष्ट टप्प्यातल्या प्रत्येक सेटवर जाहीर होते! ज्या भगिनींनी हे बोलून दाखवले त्यांच्या धैर्याला आमचा सलाम. त्यांच्यातल्या कित्येक जणी ड्युटीवर पाणीच पीत नाहीत, हे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये रेल्वेत दाखल झाल्या, आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून गाजल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सेवानिवृत्त झाल्या. एक पुरी नोकरी संपली. तेवढ्या काळात इंजिने विजेवर आली, वेग वाढले आणि वंदे भारत धावू लागली. पण महिला चालकाने चार परक्या पुरुषांना न ऐकवता नैसर्गिक विधीला कसे जावे, याचा एक कागद प्रशासनाला काढता आला नाही. २०१६ मध्ये इंजिनात जैव-शौचालय बसवल्याचा समारंभ मात्र थाटात झाला. एप्रिल २०२५ मध्ये तर जेवणासाठी आणि नैसर्गिक विधीसाठी चालकांना ठरावीक सुट्टी देणे शक्य नाही, अशी समितीची शिफारस पुढे आली. म्हणजे इंजिनात सोय नाही, वेळ ठरलेली नाही आणि गरज पडलीच तर जाहीर पुकारा करा! याला व्यवस्था म्हणतात की विटंबना?

‘हवेत सोडलेला शब्द कोणाचाच नसतो’

या तक्रारी मांडल्या की साहेबलोकांकडून पहिले उत्तर मिळते, ‘अहो, चॅनेल उघडाच आहे, तेथे गुप्तता कसली?’ हे उत्तर ज्याला पटत असेल त्याने गावातल्या कोणत्याही जुन्या पोस्टमनला जाऊन विचारावे.

आपल्या देशात १८७९ मध्ये पोस्टकार्ड सुरू झाले. ते उघडे असते. सॉर्टर, पोस्टमन, ज्याच्या हातात पडेल तो वाचू शकतो. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीला तर पोस्टमनच ते वाचून दाखवत असे. गावात कोणाच्या मुलीची सोयरीक मोडली, कोणाचा मुलगा मुंबईत कर्जात बुडाला, हे सर्वांत आधी त्यालाच कळे. तरीही चांगला पोस्टमन ते पारावर बोलत नसे. कार्ड उघडे होते म्हणून मजकूर गावाच्या मालकीचा झाला नाही. वॉकी-टॉकीवरचा निरोप हे असेच उघडे पोस्टकार्ड आहे. दिसते म्हणून वाचले जाईल, ऐकू येते म्हणून ऐकले जाईल; पण पुढे सांगण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

हे केवळ आमचे मत नाही, जगाने मान्य केलेला नियम आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या घटनेतील ३७ वा अनुच्छेद दूरसंचाराच्या गुप्ततेचा आहे. तिच्याच रेडिओ नियमांतील १७ व्या अनुच्छेदाप्रमाणे, जे संदेश सर्व लोकांसाठी नाहीत ते विनापरवाना ऐकणे आणि त्यांतला मजकूर, किंवा तसा संदेश होता एवढी बाबसुद्धा, फोडणे यांना सदस्य देशांनी मनाई करायची आहे. भारत या संघटनेचा सदस्य आहे. लाटा हवेतून सगळीकडे जातात हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणूनच कानांना कुलूप लावता येत नसेल तर जिभेला लावा, असे त्यांनी ठरवले.

आपल्याकडे १८८५ च्या तार कायद्याच्या २६ व्या कलमात हेच तत्त्व होते. कामाच्या निमित्ताने कळलेला तारेचा मजकूर कर्मचाऱ्याने फोडला तर ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मृत्यूची तार घेणाऱ्या, ठोकणाऱ्या आणि पोचवणाऱ्या हजारो तार कामगारांनी जुलै २०१३ मध्ये सेवा बंद होईपर्यंत ही शिस्त पाळली. त्यांना कोणी पदक दिले नाही. पण लोकांनी आपले सर्वांत कठीण क्षण त्यांच्या हाती निर्धास्तपणे सोपवले, हे काय थोडे झाले?

सरकारच्या कागदाला कुलूप, कामगाराच्या दुःखाला उघडे दार

आता दुटप्पीपणा पाहा. रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम १९६६ मधील ११ वा नियम सरकारी माहिती बाहेर देण्यास बंदी घालतो. टपाल बंधूंना १९६४ च्या नियमांतला त्याच क्रमांकाचा नियम लागू आहे. एखाद्या कामगाराने कार्यालयातला साधा कागद बाहेर दाखवला तर आरोपपत्र हातात पडायला वेळ लागत नाही. पण त्याच कामगाराच्या घरातले दुखणे चॅनेलवर वाचून दाखवले तर कोणत्या नियमाखाली कोणावर कारवाई होते? आमच्या इतक्या वर्षांच्या कामात अशी कारवाई झालेली आम्ही पाहिली नाही.

रेल्वेला गुप्ततेचे महत्त्व कळत नाही असेही नाही. लाइन क्लिअर देताना स्टेशन मास्तर प्रायव्हेट नंबर देतात, तो त्यांच्या ताब्यातल्या तक्त्यातला असतो, आणि निरोप खरोखर त्याच माणसाने दिला याची ती खूण असते. गाडीच्या निरोपासाठी एवढी काळजी घेणाऱ्या खात्याला माणसाच्या निरोपासाठी चार ओळींचा नियम करणे अवघड आहे काय?

देशाचे सर्वोच्च न्यायालय यात कामगाराच्या बाजूने उभे आहे. टेलिफोन चोरून ऐकण्याच्या प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की टेलिफोनवरील संभाषण हा माणसाच्या खाजगीपणाचा भाग आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. गणवेश घातला म्हणून मूलभूत हक्क लॉबीच्या खुंटीवर टांगून ठेवावा लागतो, असे त्या निकालात कोठेही लिहिलेले नाही.

कागदावरचे संरक्षण मात्र उलट पातळ होत चालले आहे. १९८६ मध्ये टपाल उघडण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारे विधेयक संसदेत मंजूर झाले, पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते तसेच पडून राहिले. १८९८ च्या टपाल कायद्यात टपाल बेकायदा उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा होती. त्याच्या जागी जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात अशी शिक्षा ठेवलेलीच नाही. सरकारला टपाल अडवण्याचा अधिकार मात्र ठेवला आहे! २०२३ च्या दूरसंचार कायद्याचे ४२ वे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. संदेश बेकायदा मध्येच पकडणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाहेरच्या चोरासाठी एवढी मोठी शिक्षा आहे. पण घरच्या मालकानेच दार उघडे टाकले तर काय? त्याचे उत्तर आपल्यालाच मिळवावे लागेल.

‘सुरक्षितता आधी’ हे आम्हालाही मान्य

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा येतो आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. धावत्या गाडीच्या चालकाला बापाच्या मृत्यूची बातमी देणे धोक्याचे आहे. त्याच्यामागे हजार-दीड हजार प्रवासी बसलेले असतात. पण या मुद्द्याचा शेवट काय केला जातो? एक तर बातमी चॅनेलवर ओरडून सांगितली जाते, नाहीतर ड्युटी संपेपर्यंत दाबून ठेवली जाते, कारण बदली क्रू नसतो. मग माणूस घरी पोचतो तेव्हा चिता विझलेली असते. बदली क्रू का नाही? जागा भरलेल्या नाहीत म्हणून. म्हणजे रिक्त जागांचा प्रश्न आणि हा प्रश्न वेगळे नाहीत. वर ज्यांनी हा विषय किरकोळ म्हटला असेल त्यांनी याचा विचार करावा.

यातून मार्ग आहे. चॅनेलवर फक्त एवढेच सांगावे, ‘पुढच्या थांब्यावर स्टेशन मास्तरांना भेटा.’ नाव नाही, कारण नाही. आणि हे वाक्य साध्या कामासाठीही तसेच वापरावे. कागद द्यायचा असो, ड्युटीतला बदल सांगायचा असो की घरचा निरोप असो. केवळ वाईट बातमीसाठी ते राखून ठेवले तर ऐकताच चालकाच्या काळजात धस्स होईल आणि ऐकणारे सगळे तर्क करू लागतील. सर्वांसाठी एकच वाक्य असले की त्यातून कोणालाच काही कळत नाही. खरा निरोप स्टेशनवर, दार लोटून, माणसाने माणसाला सांगावा आणि तेव्हा बदली क्रू तयार असावा.

या शहराला हे शिकवायला नको. जबलपूरला लष्कराचे सिग्नल ट्रेनिंग सेंटर आहे. त्या कोअरचे ब्रीद ‘तीव्र चौकस’ असे आहे. निरोप वेगाने पोचवा आणि सावध राहा, या दोन्ही गोष्टी तेथे एकाच दमात शिकवल्या जातात. आणि याच सेंटरच्या जवानांनी २७ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईच्या ‘तलवार’ या नाविक सिग्नल शाळेतून पेटलेल्या बंडाच्या पाठोपाठ, बराकी सोडून शहरातून मोर्चा काढला होता. निकृष्ट जेवण, कमी पगार आणि अपमानाची वागणूक या त्यांच्याही तक्रारी होत्या. निरोप पोचवणाऱ्या माणसालाही इज्जत असते, हे जबलपूरच्या रस्त्यांनी तेव्हाच ऐकले आहे.

रेकॉर्डिंगचा नवा कान

आता इंजिनात आवाज आणि चित्र टिपणारी यंत्रे बसवली जात आहेत. यामुळे खाजगीपणाला बाधा येत नाही, असे एप्रिल २०२५ च्या त्याच शिफारशींत म्हटले होते. आमचा साधा सवाल आहे. उघड्या चॅनेलवर आलेला घरचा निरोप आणि तो ऐकून चालकाच्या तोंडून निघालेला हुंदका या यंत्रात साठणार. तो कोण ऐकणार? किती दिवस ठेवणार? कोणत्या चौकशीत वापरणार? अपघाताच्या चौकशीसाठी रेकॉर्डिंग असावे, त्याला आमची ना नाही. पण उद्या एखाद्या कामगाराला कोंडीत पकडण्यासाठी त्याच्या घरगुती अडचणी टेपवरून काढल्या जाणार नाहीत, याची लेखी हमी हवी. तोंडी हमीचे मोल आम्ही १९७४ च्या संपाच्या वेळी पुरते पाहिले आहे. वाटाघाटी चालू असतानाच २ मे रोजी जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली होती.

आपल्या घरातही झाडू हवा

प्रशासनाला चार शब्द सुनावल्यावर आपल्या माणसांनाही दोन सुनावणे भाग आहे. चॅनेलवर ऐकलेली गोष्ट रनिंग रूममध्ये, गेटवर आणि आता व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नेणारा कोणी अधिकारी नसतो, आपलाच भाऊबंद असतो. महिला सहकाऱ्याने सेटवर परवानगी मागितली की मध्येच खाकरणारा, चेष्टेचा शब्द टाकणारा हाही आपलाच. अशा माणसाला युनियनचे कार्ड वाचवणार नाही, हे स्पष्ट सांगतो. मालकाकडे इज्जत मागायची आणि शेजारच्या कामगाराची इज्जत चहाबरोबर विकायची, हे चालणार नाही. ऐकू आले तर विसरा. मदत करायची असेल तर त्या माणसाला एकट्याला गाठून विचारा.

आमच्या मागण्या

१. वॉकी-टॉकी व कंट्रोल फोनवर कर्मचाऱ्याचा खाजगी मजकूर बोलण्यास लेखी मनाई करावी. ‘पुढच्या थांब्यावर भेटा’ हेच एक वाक्य सर्वांसाठी ठरवावे.

२. तातडीचा घरगुती निरोप स्टेशनवर समोरासमोर द्यावा, घरी बोलण्यासाठी फोन द्यावा आणि बदली क्रूची व्यवस्था करावी. निरोप किती वाजता आला आणि किती वाजता दिला याची नोंद बंद रजिस्टरमध्ये असावी. मजकुराची नोंद नको.

३. नैसर्गिक विधीसाठी कोणालाही, विशेषतः महिलांना, कारण सांगावे लागू नये. प्रत्येक इंजिनात शौचालय होईपर्यंत थांब्यांच्या वेळा ठरवून द्याव्यात.

४. रेकॉर्डिंग फक्त अपघात व सुरक्षिततेच्या चौकशीसाठी वापरावे. ठेवण्याची मुदत जाहीर करावी आणि खाजगी भाग शिस्तभंगाच्या कारवाईत वापरू नये.

५. कामात कळलेली दुसऱ्याची खाजगी गोष्ट फोडणे हा गैरवर्तनाचा प्रकार ठरवावा. तो नियम गेटमनपासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत सारखा लागू असावा. चोर सोडून संन्याशाला फाशी आम्हाला चालणार नाही.

६. कंत्राटी कामगारांसह सेट हाताळणाऱ्या प्रत्येकाला याचे प्रशिक्षण, त्याला समजेल अशा भाषेत, द्यावे.

७. टपाल बंधूंसाठी, नव्या टपाल कायद्यात पत्राच्या गुप्ततेचे संरक्षण आणि ते मोडणाऱ्यास शिक्षा पुन्हा आणावी.

यातल्या पहिल्या आणि पाचव्या मागणीला एक पैसाही खर्च येत नाही. तरीही त्या मान्य होत नसतील, तर अडचण पैशाची आहे असे कोणी आम्हाला सांगू नये.

रेल्वे आणि टपाल यांचे नाते आर.एम.एस.च्या डब्याइतके जुने आहे. दोघांचे काम एकच, लोकांचे निरोप आणि माणसे सुखरूप पोचवणे. लाखो लोकांचे निरोप आपण निष्ठेने सांभाळतो. आपलाही निरोप तसाच सांभाळला जावा, ही मागणी कोणत्याही तराजूत घालून पाहा, जास्त भरणार नाही. प्रत्येक शाखेने येत्या सभेत हा विषय घ्यावा, ठराव करावा आणि तक्रारी नाव झाकून पाठवाव्यात. नाव झाकण्याची जबाबदारी आमची.

कामगारांच्या इज्जतीचा विजय असो! रेल्वे-टपाल कामगार एकजूट झिंदाबाद!

— शाखा सचिव, जबलपूर